पिराच्या नावाचा बोकड

आमच्या गावात बोकड कुणीही पाळतो, पण कापतं एकच घर, मुलाण्याचं. आखाडातला मरीआईचा असो की लग्नानंतरच्या देवकार्याचा, मुलाण्याने त्याचं ते पुटपुटायचं, सुरी फिरवायची, मग ते मटण. त्याचा हात लागला नाही तर ते नुसतं मेलेलं जनावर. माझी सासू या बाबतीत फार कडक होती. एकदा माझ्या नवऱ्याने शेतातच कोंबडी कापून आणली, तर तिने ती तशीच कुत्र्यापुढे टाकली. कापल्यावर मुंडकं आणि कातडं मुलाण्याचं. ते त्याला कुणी देत नसतं, ते त्याचंच असतं.

हे आधी सांगते, कारण संभाजीनगरला शिकायला असलेल्या माझ्या नातीला ते खरं वाटत नाही. ती म्हणते, हिंदूच्या देवाचा बोकड मुसलमान कसा कापेल? मी म्हणते, दुसरं कोण कापणार? आम्हाला कापता येत होतं कुठे?

मुलाण्याचं घर आमच्या घरामागे आहे. मध्ये एक बोळ. आमच्या माळवदावर उभं राहिलं की त्याचं अंगण आणि अंगणापुढचं पत्र्याचं दुकान सगळं दिसतं. मुलाण्याच्या बायकोला मी भाभी म्हणते आणि ती मला भाभी म्हणते. कोण कुणाची भाभी हे पन्नास वर्षांत ठरलं नाही. आमच्यात फार प्रेम होतं अशातला भाग नाही. ती भांडखोर आहे आणि मी तिच्यापेक्षा जास्त. आमच्या मोरीचं पाणी बोळातून तिच्या दारापुढून जातं, त्यावरून दर पावसाळ्यात आम्ही एकमेकींचा उद्धार करायचो. पण ते भांडण पाण्याचं होतं. पाणी ओसरलं की तेही ओसरायचं.

माझा मुलगा सरपंचाला उभा राहिला तेव्हा मी गावाबाहेरच्या टेकाडावरच्या पिराला बोलले, पोरगं निवडून आलं तर कंदुरी करीन. कंदुरी म्हणजे पिराच्या नावानं बोकड कापायचा, दर्ग्यापुढे शिजवायचा आणि येईल त्याला जेवू घालायचं. आमच्या सासरी हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. हसनाबादच्या बाजारातून काळं करडू आणलं. मुलाण्यानेच दात बघून निवडून दिलं. गळ्यात हिरवा गोफ बांधताना म्हणाला, "भाभी, आता हा पिराचा झाला. ह्याला इकायचं न्हाई, दुसऱ्या कामाला कापायचं न्हाई. सरपंच होऊ द्या, मंग बघू. तवर खाऊ घाला."

मग प्रचाराच्या जेवणावळी सुरू झाल्या. आज या वस्तीवर, उद्या त्या मळ्यात. बोकडांमागून बोकड पडत होते आणि सगळे मुलाणीच कापत होता. एक आमच्या गोठ्यातला गेला. तांबडा, पाठीवर चार बोटं रुंद पांढरा पट्टा. मी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता, म्हणून तो पट्टा माझ्या लक्षात आहे.

समोरचा उमेदवार आमच्याच भावकीतला. त्याने आपल्या पॅनलमधून मुसलमानांतला एकजण सदस्याला उभा केला. गावात मुसलमानांची घरं अकरा. तोवर ती घरं कायम आमच्या बाजूनं असायची. एका सकाळी मुलाची माणसं ओसरीवर बसली होती आणि मी चहा घेऊन गेले. माझ्या दिराचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, बोलत होता.

"ते अकरा घरं गेले आपल्या हातातून."

"जाऊ दे की," दुसरा म्हणाला. "अकरा घरानं काय होतंय? बाकीचं गाव एका जागी बसवायचं."

"कसं बसवतो? इथं सख्खे भाऊ दोन पॅनलात हायेत. एक मेव्हणा हिकडं, एक तिकडं."

"एखांदं कारण लागतंय."

माझा मुलगा बशीत चहा ओतून पीत राहिला. मला वाटलं, रस्त्याचं किंवा पाण्याचं काहीतरी कारण काढतील. मी कपबशा घेऊन आत गेले.

चार दिवसांनी कारण सापडलं. मुलाण्याच्या भिंतीवर मीठ लावलेली कातडी वाळत असायची. नेहमीच असायची, पण जेवणावळींमुळे तेव्हा जास्त होती. कुणीतरी त्यांचा फोटो काढला, खाली लिहिलं की गावात गाय कापली, आणि मोबाईलवर सोडून दिला. दुपारी सुनेनं मला तो दाखवला. मधोमध तांबडं कातडं आणि त्यावर पांढरा पट्टा.

मी सरळ ओसरीवर गेले. म्हणाले, "अरे, हे तर आपल्याच बोकडाचं कातडं हाय. तुझ्याच जेवणावळीला कापला ना तो?"

मुलगा म्हणाला, "माय, तुला मोबाईलातलं काय कळतंय?"

"मोबाईलातलं न्हाई कळत. बोकडातलं कळतंय."

पुतण्या हसला. "मोठी माय, तुझं बराबर हाय. पण आता कुणाकुणाला सांगत फिरू?"

"सगळ्याला सांग. सगळ्यानंच खाल्लाय."

"तू आत जा बरं," मुलगा म्हणाला, आणि मी आत गेले. बोकडाचं कातडं आणि गायीचं कातडं यातला फरक आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. पण मोबाईलात सगळंच बोटाएवढं दिसतं. ज्यांनी तो बोकड ओरपून खाल्ला होता, रस्सा वाढून घेतला होता, तेच दोन दिवस पारावर बसून गाय म्हणत होते. त्यातल्या काहींना ते खरंच वाटत होतं. बाकीच्यांना ते खरं वाटून घ्यायचं होतं.

तिसऱ्या दिवशी चार-साडेचारला मी माळवदावर वाळत घातलेली मिरची गोळा करत होते. चांगलं ऊन होतं. तीस-चाळीसजण घोषणा देत बोळात शिरले. लोक अजून म्हणतात, ते बाहेरचे होते. काही बाहेरचे होते. पुतण्या बाहेरचा नव्हता. त्याच्या हातात पेट्रोलची बाटली मी पाहिली. त्याने ती दुकानावर ओतलेली पाहिली. आत कातडी, लाकडी ओंडका, दोरखंड आणि मुलाण्याची जुनी लूना होती. मुलाणी सुऱ्या काढायला पेटत्या दुकानात घुसला. सुऱ्या घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बाही पेटलेली होती. मुलाणीण घागर घेऊन धावली, तिला कुणीतरी ढकललं, घागर फुटली. दगड सुरू झाले.

बोळाच्या तोंडाशी लिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली माझा मुलगा उभा होता. हात मागे बांधून. त्याने दगड मारला नाही, घोषणा दिली नाही. नुसता उभा होता आणि बघत होता. त्याचा आवाज मोठा आहे. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर गड्याला हाक मारली तर शेजारच्या मळ्यातला गडी ओ देतो. त्या दिवशी त्याने एकदा 'बस' म्हटलं असतं तर सगळे थांबले असते. ती सगळी त्याचीच माणसं होती.

मीही ओरडले नाही. मिरचीचं पोतं उचललं आणि जिना उतरून खाली आले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून जमादार आला. घरोघर विचारत आमच्याकडे आला. "आजी, तुम्ही माळवदावर होत्या म्हणे."

मुलगा दारातच उभा होता. मी म्हणाले, "होते. पण मला कमी दिसतं."

"कोण होतं, काही अंदाज?"

"धूर दिसला. माणसं न्हाई दिसली."

त्याने लिहून घेतलं. मी चौथी शिकलेली आहे, सही करण्याआधी वाचलं. वय झाल्याने व नजर कमी असल्याने कोणास ओळखू शकले नाही, असं लिहिलं होतं. अक्षर चांगलं होतं. मी सही केली.

दोन दिवसांनी मुलाण्याने टेम्पो बोलावला. त्याची मुलगी जुन्या जालन्यात दिली आहे, तिच्याकडे ते निघाले. मी दाराच्या फटीतून बघत होते. सगळं सामान चढल्यावर मुलाणीण परत बोळात आली. मला वाटलं, काही विसरलं असेल. तिने पडक्या भिंतीतला एक भला मोठा दगड ढकलत आणला, आमच्या मोरीच्या तोंडाशी नीट बसवला, हात झटकले आणि टेम्पोत जाऊन बसली. आमच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलगा चांगल्या मतांनी निवडून आला. त्यांना पाहिजे होतं तसं गाव एका जागी बसलं होतं. गुलाल झाला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक झाली. पण गाव एका जागी बसलं ते महिनाभरच. पुढे नळाच्या लायनीवरून ते पुन्हा फुटलं आणि सख्खे भाऊ पुन्हा दोन बाजूंना गेले. म्हणजे दुकान जाळून जे मिळालं ते मतदानाच्या दिवसापुरतं होतं. दुकान मात्र कायमचं गेलं.

आता कंदुरी राहिली होती.

मुलगा म्हणाला, "माय, भोकरदनहून खाटीक आणतो. तासाभराचं काम हाय."

"पिराला बोललेलं खाटकाच्या हातचं चालत न्हाई."

"मंग दुसरा मुलाणी आणतो. जगात काय एकच मुलाणी हाय का?"

त्याने शेजारच्या गावचा मुलाणी बोलावला. तो मोटारसायकलवर आला. बोकड बघितला, गोफ बघितला. मग म्हणाला, "तुमच्या गावचा कुठाय?"

"जालन्याला गेलाय."

"मेला तर न्हाई ना?"

"न्हाई न्हाई. हाय की."

"मंग मी कसा सुरी लावू, सरपंच? दुसऱ्याच्या गावात, तो जिता असताना? आमच्यात मला कुणी पाणी पाजणार न्हाई." त्याने चहा घेतला. जाताना बोकडाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आयुष्य हाय ह्याचं."

आयुष्य होतंच. बोकड विकता येईना, कापता येईना. तो बांधल्या जागी वाढत राहिला. दोर चावून तोडायचा. सुनेच्या तुळशीची दोन रोपं त्याने खाल्ली. ओसरीच्या कोपऱ्यात प्रचाराची जुनी पत्रकं पडली होती, त्यातल्या गठ्ठ्यातले माझ्या मुलाचे फोटो त्याने एका दुपारी निम्मे चघळून टाकले. येणारा-जाणारा विचारायचा, "काय आजी, कंदुरी कधी?" मुलगा चिडायचा. म्हणायचा, दर्ग्यावर सोडून दे त्याला. मी म्हणायचे, बोलले मी आहे, तू नाहीस.

मोरीचं पाणी तुंबायचं. सून दगड काढायला निघाली तर मी नको म्हणाले. का म्हणाले ते तिला सांगितलं नाही.

शेवटी मी एकटीच बसने जालन्याला गेले. जुन्या जालन्यात धान्याच्या आडतीमागची गल्ली, दोन ठिकाणी विचारलं, मग एक अरुंद जिना. दार मुलाणिणीने उघडलं.

"कोण? भाभी? बस चुकली का काय तुमची?"

"न्हाई चुकली. तुमच्याकडंच आले."

"का? पाणी तुंबलं का?"

"तुंबलं."

"तुंबू द्या." पण ती दारातून बाजूला झाली.

मुलाणी आत खाटेवर बसला होता. जावयाने त्याला एका कोंबडीच्या दुकानात कामाला लावलं होतं. कापायच्या नव्हे, तोलायच्या. उजव्या हाताची दोन बोटं आखडून तळहाताला चिकटल्यासारखी झाली होती. मी आल्याचं त्याला बरं वाटलं असं दिसलं. गावातल्या चारदोन माणसांची विचारपूस केली. मग मी बोकडाचं सांगितलं.

"अजून हाय तो?" तो हसला. "भाभी, जून झाला असंल आता. बोललेलं हाय तर करावं लागंल. मी येतो. सुरी डाव्या हातानं धरीन."

"कुठं येतो?" मुलाणीण चुलीजवळून म्हणाली. "कुणाकडं येतो?"

"अगं, पिराचं काम हाय."

"पिराला ठावं हाय सगळं. तो घाई करून न्हाई राह्यला." मग ती माझ्याकडे वळली. "भाभी, पोलिसानं इचारलं तवा तुम्हाला दिसत नव्हतं म्हणे. आता जालन्यात आल्या, गल्लीतून आल्या, जिना चढल्या, घर बराबर सापडलं. नजर कधी आली?"

"जाऊ दे ना," मुलाणी म्हणाला.

"काय जाऊ दे? तुम्ही आत होते, तुम्हाला काय दिसणार? मी तर घागर घेऊन पळत होते. वरून सगळं दिसतं. भाभीला सगळं दिसलं." तिने माझ्यापुढे चहा ठेवला. "ठाण्यात जा. काय दिसलं ते सांगा. सगळं सांगा, अर्धं न्हाई. मंग न्या ह्यांना, मी डबा बांधून देते."

"भाभी, पोरगं हाय माझं ते."

"अन् हा हात कुणाचा हाय?"

चहा पिऊन मी निघाले. चहात साखर व्यवस्थित होती.

घरी आल्यावर मी लगेच ठाण्यात गेले असं नाही. कितीतरी महिने गेले नाही. कुणाची भीती होती म्हणून नव्हे. मला जायचं नव्हतं. मुलगा माझा, सून मला वेळेवर भाकर देते, म्हातारपणी घर विस्कटून काय मिळवायचं, असा विचार मी करत होते. बोकडाला चारा टाकताना मी त्याच्याकडे बघत नव्हते.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक येणार म्हणून चर्चा सुरू झाली. मुलाला तिकीट पाहिजे होतं. त्याने वाढदिवसाला शाळेत डोळे तपासणीचं फुकट शिबिर ठेवलं. फोटोसाठी पहिला नंबर माझा. डॉक्टर तरुण होता, जालन्याहून आलेला. त्याने भिंगं लावली, अक्षरं वाचायला लावली, लांबची आणि जवळची. मी वाचली. तो मोठ्याने म्हणाला, "आजी, तुमची नजर तर माझ्यापेक्षा चांगली आहे. सुई ओवता येईल तुम्हाला." सगळे हसले. मुलगाही हसला. मी बघत होते, त्याचं हसू मध्येच थांबलं का. थांबलं नाही. मी जबाबात काय सांगितलं होतं, ते तो विसरला होता. डॉक्टरने कागद दिला. दोन्ही डोळे चांगले, चष्म्याची गरज नाही. कागदावर वर कोपऱ्यात माझ्या मुलाचा फोटो. मी तो घडी करून ट्रंकेत ठेवला.

आठवडाभराने ओसरीवर तीच माणसं बसली होती. मी चहा घेऊन गेले.

"गट मोठा हाय. एवढ्या गावात आपलं कोण वळखतंय?"

"हवा करावी लागंल."

"तिकडच्या एका गावात बाजारतळाशेजारी त्यांचं कब्रस्तान हाय. त्याच्यात काहीतरी निघंल. एखांदं कारण..."

या वेळी मला रस्ता किंवा पाणी वाटलं नाही. मी चहा दिला, कपबशा घेतल्या, विसळून पालथ्या घातल्या. ट्रंकेतून कागद काढला, पिशवीत घातला आणि रिक्षाने ठाण्यात गेले. सकाळचे अकरा वाजले होते.

जमादार बदललेला होता. त्याने जुना जबाब शोधून काढला. "आजी, यात तर दिसत नाही म्हणताय."

मी कागद पुढे केला. त्याने बघितला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. "हे तुमच्या पोराचंच शिबिर हाय."

"हो."

"त्याला ठावं हाय का तुम्ही आल्याचं?"

"घरी गेल्यावर सांगते."

मी सांगत गेले, तो लिहीत गेला. बाटली कुणाच्या हातात होती. कुणी ओतली. कातडं कुणाच्या बोकडाचं होतं. लिहून झाल्यावर मी कागद मागून घेतला आणि वाचला. शेवटी त्याने लिहिलं होतं, लिंबाच्या झाडाखाली इतर काही लोक उभे होते.

मी म्हणाले, "इतर न्हाई. माझा मुलगा. हात मागं बांधून."

"आजी, त्यानं काही केलं नाही ना?"

"न्हाई केलं. तेच लिहा."

त्याने खोडून नीट लिहिलं. मी सही केली.

मुलगा दुपारी जेवायला बसला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "माय, तू मला मारलं."

"मारलं न्हाई. तू उभा होता ते सांगितलं."

"मी काय केलं? मी हातबी लावला न्हाई कुणाला!"

"तेबी सांगितलं."

तो ताटावरून उठला. सून भिंतीकडे तोंड करून भाकर थापत राहिली. तिने ती तव्यावर टाकली, भाजली आणि माझ्या ताटात वाढली.

पुतण्याला नेलं, काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. माझा दीर आमच्या दारावरून जाताना अजून थुंकतो. मुलाला दोनदा बोलावून विचारपूस झाली. पेपरात बातमी आली, तिकीट दुसऱ्याला मिळालं. ज्याला मिळालं तोही काही वेगळा नाही. त्या निवडणुकीत आमच्या गटात काही जळलं नाही. ते माझ्यामुळे असं मी म्हणत नाही. कदाचित कुणाला कारण सापडलं नसेल. खटल्याच्या तारखा चालू आहेत. मला बोलावलं की मी जाते. वकील विचारतो, आजी, एवढे दिवस खोटं का बोललात? मी सांगते, पोरासाठी. तो म्हणतो, मग आता खरं का? त्यावर मी सांगते, विचारलं तुम्ही म्हणून.

मी पुन्हा जालन्याला गेले. मुलाणिणीला सगळं कळलेलं होतं, जावयाने पेपर आणला होता. ती चांगलं केलं म्हणाली नाही. डब्यात भात भरायला लागली आणि नवऱ्याला म्हणाली, "शेवटच्या बसनं या. मुक्काम करायचा न्हाई."

मुलाणी गुरुवारी सकाळी आला. दर्ग्यावर आधी झाडलं, दिवा लावला. बोकड दोघांनी धरावा लागला, एवढा मोठा झाला होता. त्याने सुरी डाव्या हातात धरली, पुटपुटला. एका फटक्यात झालं नाही. पूर्वी व्हायचं. त्याने ते दुसऱ्यांदा केलं आणि कपाळावरचा घाम पुसला. मुंडकं आणि कातडं बाजूला काढलं. कातडं घडी करून पोत्यात घातलं आणि पोत्याचं तोंड घट्ट बांधलं. पूर्वी तो कातडं तसंच खांद्यावर टाकून गावातून जायचा.

जेवायला माणसं थोडीच आली. म्हातारे आले, बौद्धवाड्यातले काही आले, मुसलमानांच्या दहा घरांतले सगळे आले. माझा मुलगा आला नाही, मळ्यात राहिला. सूनच पातेल्यापाशी उभी राहून वाढत होती. बोकड जून झाला होता. मटण शिजायला अख्खी दुपार गेली आणि तरी चिवटच राहिलं. ज्यांना दात नव्हते त्यांनी रस्सा पिऊन भागवलं. कुणीतरी म्हणालं, "आजी, निवडणुकीच्या वेळचं मऊ होतं." मुलाणी हसला, मग सगळे हसले.

बसला वेळ होता म्हणून तो घर बघायला बोळात आला. मी मागोमाग गेले. कुलूप गंजलं होतं. त्याने ते उघडलं नाही, नुसतं हातात धरून बघितलं. जळालेल्या पत्र्यांच्या जागी गाजरगवत माजलं होतं. वळताना त्याला मोरीच्या तोंडाशी बसवलेला दगड दिसला आणि दगडाच्या अलीकडे साचलेलं काळं पाणी.

"हा आमच्या हिनं ठेवला का?"

"हो. जायच्या दिवशी."

"अन् तुम्ही काढला न्हाई?"

"न्हाई."

तो खाली वाकला. मला वाटलं, काढतो आता. त्याने दगडाला हात लावला, हलवून बघितला आणि तसाच ठेवून दिला.

"तिचा हाय," तो म्हणाला. "काढला तर तीच काढंल."

मग तो पोतं घेऊन बस पकडायला गेला. घर अजून बंद आहे. दगडही तिथेच आहे. पाणी तुंबलं की मी घमेल्याने उपसते आणि परसात नेऊन टाकते.